डिजिटल सर्व्हो टाकल्यापासून गाडी वळणावर बंद पडते

मुरूमवाट (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रिमोटवर चालणारा, १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक आहे. ब्रशची मोटर, दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. दोन वर्षं मूळचाच ॲनालॉग सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी गिअरची छोटी मोटर) चालवला, गेल्या महिन्यात त्याचे प्लॅस्टिकचे दाते गेले. म्हणून २० किलो जोराचा (किलो-सेंटीमीटरमध्ये), धातूच्या गिअरचा डिजिटल सर्व्हो मागवला. वरच्या दांड्याला २५ दाते (स्प्लाइन) असल्यामुळे जुना हॉर्न, म्हणजे दांड्यावर बसणारी पट्टी, बरोबर बसला. घरी टेबलावर गाडी उचलून बघितली तर स्टिअरिंग इतकं चपळ की मन खूश झालं.

आज सकाळी आमच्या इथल्या मुरमाच्या मैदानावर नेली. सरळ पळते, हळू वळते. पण वेगात येऊन ब्रेक दाबत वळवली की गाडी मेल्यासारखी होते. दीड-दोन सेकंद ना स्टिअरिंग, ना थ्रॉटल. मग आपोआप जागी होते. तोवर ती कुंपणाच्या दगडावर गेलेली असते. पुढचा बंपर तुटला. रिमोटचे सेल नवे आहेत, अंतर वीस मीटरसुद्धा नव्हतं. रिसीव्हर खराब झाला असेल का? नवा घ्यायच्या आधी इथे विचारतो आहे.

सह्यकडा (रविवार, रात्री १०:०५)

रिसीव्हर घेऊ नका! आधी एक सांगा, गाडी मेल्यासारखी होते तेव्हा रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो का? आणि तुमच्या ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) कागदावर बीईसीचे, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला कमी व्होल्टची वीज देणाऱ्या भागाचे, किती अँप लिहिलेत?

माझ्या क्रॉलरला (दगडांवर हळू चढणाऱ्या गाडीला) अगदी हेच झालं होतं. दगडात चाक अडकलं आणि मी स्टिअरिंग पूर्ण ओढलं की सगळं बंद. मी रिसीव्हर बदलला, मग रिमोट बदलला, आणि दोन्ही निर्दोष निघाले. चूक वीजपुरवठ्यात होती.

मुरूमवाट (रविवार, रात्री १०:३०)

दिवा पाहिला. गाडी जमिनीवर उभी ठेवून स्टिअरिंग झपाझप दोन्हीकडे फिरवलं की दिवा विझतो आणि पुन्हा लागतो. कागदावर ‘बीईसी ५ व्होल्ट, २ अँप, लिनिअर’ असं आहे. सर्व्होच्या कागदावर ६.८ व्होल्टला स्टॉल करंट (मोटर अडून थांबल्यावर ओढते ती वीज) ३ अँप लिहिलाय. पण २ अँप तर जुन्या सर्व्होला पुरत होते. एका सर्व्होच्या जागी एकच सर्व्हो आला, मग एवढा फरक कसा?

पदविका_विद्युत (सोमवार, सकाळी ७:१५)

मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही प्रकारचे सर्व्हो ऑसिलोस्कोपला लावून पाहिले होते. जरा सविस्तर लिहितो.

रिसीव्हर सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५०. पल्स साधारण १५०० मायक्रोसेकंदांची असली की चाकं सरळ. १००० कडे गेली की एका टोकाला, २००० कडे गेली की दुसऱ्या. इथवर ॲनालॉग आणि डिजिटल यांत काहीच फरक नाही. तोच रिसीव्हर, तीच तीन वायरींची पिन.

फरक आत आहे. ॲनालॉग सर्व्हो पल्स आली की आतल्या पोटेन्शिओमीटरवरून आपण कुठे आहोत ते बघतो आणि जेवढा फरक असेल तेवढ्या वेळापुरती मोटरला वीज देतो. मग पुढची पल्स येईपर्यंत मोटर मोकळी. फरक थोडा असेल तर वीज अगदी क्षणभरच मिळते, त्यात गिअरसकट मोटर हलत नाही. म्हणून ॲनालॉग सर्व्हो मध्याजवळ मऊ लागतो. हाताने चाक ढकललं तर आधी थोडं सरकू देतो आणि मग विरोध करतो.

डिजिटलमध्ये एक मायक्रोकंट्रोलर असतो. तो शेवटची पल्स लक्षात ठेवतो आणि मोटरला सेकंदाला ३०० वेळा, काहींत त्याहूनही जास्त वेळा, वीज देत राहतो. म्हणजे २० च्या जागी सुमारे ३.३ मिलिसेकंदांनी. चाक जरासं ढळलं तरी तो तिथल्या तिथे पूर्ण जोराने परत आणतो. त्यात भर म्हणजे डेडबँडही, म्हणजे सर्व्हो दुर्लक्ष करतो तेवढा बारीक फरकही, अरुंद असतो. माझ्याकडच्या ॲनालॉगला पल्स ७-८ मायक्रोसेकंदांनी बदलल्याशिवाय कळतच नव्हतं, डिजिटलला २-३ पुरले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तुम्ही एक सर्व्हो काढून एकच बसवला, पण तो मोटरला कितीतरी जास्त वेळ वीज देतो आणि मोटरही मोठी आहे. वळणावर ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, ती मुरमात रुततात, आणि सर्व्हो जवळपास स्टॉलला जातो. दोन अँपांहून जास्त मागतो. बीईसी दोनच देऊ शकतो. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद होतो, पुन्हा सुरू होतो, रिमोटशी पुन्हा जोडला जातो. ते तुमचे दीड-दोन सेकंद.

जुनीगाडी (सोमवार, सकाळी ११:५०)

पदविका_विद्युत, फार छान समजावलंत. पण मला एक बाजू मांडायची आहे. मी १९९० च्या आसपासपासून या गाड्या चालवतो आहे. माझ्या नातवाच्या तामिया टीटी-०२ गाडीमध्ये आजही साधा ॲनालॉग सर्व्हो आहे, ७.२ व्होल्टचा निकेल पॅक आहे आणि गाडी आनंदाने पळते. हल्ली जो तो पहिल्याच दिवशी डिजिटलच घ्या म्हणून सांगतो, ते मला पटत नाही. त्या गाडीचा वेग, तिचे बारीक टायर, सोसायटीतला गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता या सगळ्याला पाच-सहा किलोचा ॲनालॉग पुरेसा आहे. तो वीज कमी खातो, उभा असताना गरम होत नाही, आणि मूल चुकून पायरीवर आपटतं तेव्हा स्वस्तात बदलता येतो.

त्या गाडीत मी सर्व्होआधी सर्व्हो सेव्हर (चाकाचा धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणारा स्प्रिंगचा हॉर्न) बदलला. किटमधला काढून तामियाचाच हाय-टॉर्क सेव्हर बसवला. गाडी मध्यावर परत येऊ लागली ती त्यामुळे. सेव्हरचं स्प्रिंग मऊ असेल तर सर्व्हो कितीही भारी असू दे, त्याचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, स्प्रिंगमध्येच मुरतो. मुरूमवाट, तुमच्या ट्रकचा सेव्हर तपासा.

नागोयाहून (सोमवार, दुपारी ३:२०)

जुनीगाडी काका, नातवाच्या गाडीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण काही जागी ॲनालॉग चालतच नाही, आणि ते मी रोज बघतो.

इथे जपानमध्ये मी मागच्या चाकांवर चालणारी ड्रिफ्ट गाडी चालवतो. तिच्यात जायरो (गाडीचं वळणं ओळखणारं यंत्र) लागतोच. गाडी मागून सरकू लागली की जायरो स्वतःच पुढची चाकं उलट वळवतो, माणसाच्या बोटाच्या कितीतरी आधी. ही दुरुस्ती सेकंदाला अनेकदा होते. ॲनालॉग सर्व्हो प्रत्येक वेळी थोडा मागे पडतो, मग जायरो जास्त दुरुस्ती मागतो, मग सर्व्हो पलीकडे जातो, आणि गाडीची शेपटी हलत राहते. गेन (जायरोच्या दुरुस्तीचा जोर) कमी केला तर हलणं थांबतं, पण मग जायरोचा उपयोगही जातो.

सगळ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. जायरोला किंवा नव्या रिमोटांना सर्व्हो कोणता आहे ते सांगायची सोय असते, ‘ॲनालॉग’ की ‘डिजिटल’, किंवा थेट ५० ते ३३३ हर्ट्झपर्यंत आकडा. ॲनालॉग सर्व्हो लावून तिथे डिजिटल निवडलं तर त्याला सेकंदाला ५० च्या जागी ३०० पल्स जातात. त्याचं सर्किट त्यासाठी बनलेलंच नसतं. तो गरम होतो आणि जळतो. उलटं केलं, म्हणजे डिजिटलला ५० हर्ट्झवर ठेवलं, तर काही बिघडत नाही, फक्त प्रतिसाद थोडा उशिरा मिळतो. खात्री नसेल तर ५० वर ठेवा.

मुरूमवाट (सोमवार, रात्री ९:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ऑफिसातून येताना पुण्यातल्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदारांनी अडचण ऐकून ४७०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर दिला. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लावायला सांगितलं. लावला. पूर्वी दिवा दर तीन-चार झटक्यांना विझायचा, आता दहा-बाराला विझतो. फरक आहे, पण पूर्ण गेलं नाही. याहून मोठा कपॅसिटर लावू का?

पदविका_विद्युत (सोमवार, रात्री १०:००)

नका. हिशोब करून बघा. बीईसी २ अँप देतो आणि सर्व्हो क्षणभर ४ मागतो असं धरू, म्हणजे वरचे २ अँप कपॅसिटरने द्यायचे. ४७०० मायक्रोफॅरडमधून २ अँप २ मिलिसेकंद घेतले तर व्होल्टेज सुमारे ०.८५ ने उतरतं. म्हणजे मोटर सुरू होतानाचा तो पहिला झटका कपॅसिटर झेलतो. पण तुमचं वळण दोन मिलिसेकंदांचं नाही. चाक मुरमात अडून सर्व्हो पाव सेकंद जरी दाबत राहिला तरी तेवढं पुरवायला शंभरपट मोठा कपॅसिटर लागेल. लहान खड्ड्यावर फळी टाकता येते, नदीवर नाही. तुम्हाला मोठा बीईसीच हवा.

धन-ऋण टोकं मात्र दोनदा तपासून लावा. उलटा लागला तर हा कपॅसिटर फुटतो.

सह्यकडा (सोमवार, रात्री १०:२५)

बाहेरचा बीईसी कसा जोडायचा ते सांगते, मी स्वतः केलंय.

स्विचिंग प्रकारचा, किमान ५ अँप सलग देणारा घ्या. लिनिअर बीईसी जादाचं व्होल्टेज उष्णता म्हणून घालवतो. पूर्ण भरलेल्या दोन सेलच्या ८.४ व्होल्टमधून ५ व्होल्टला २ अँप काढले तर जवळजवळ ७ वॅट नुसती उष्णता. तीन सेल लावले तर १५ वॅटच्या वर. उन्हाळ्यात आधीच तापलेल्या ईएससीत आणखी एवढी भर, म्हणून तो दुपारी लवकर दम तोडतो. स्विचिंगमध्ये हे नुकसान फार कमी असतं.

बीईसीच्या आत जाणाऱ्या दोन वायरी बॅटरीच्या कनेक्टरला, ईएससीच्या बरोबरीने. बाहेर येणारी पिन रिसीव्हरच्या बॅटरी चॅनेलला. आणि ईएससीकडून रिसीव्हरला जाणाऱ्या पिनमधली मधली लाल वायर सुईने उचकटून काढायची आणि टेप गुंडाळून बाजूला बांधायची. हे विसरू नका! नाहीतर दोन बीईसी एकमेकांना ढकलत राहतात. काळी वायर तशीच ठेवा, तिच्याशिवाय सिग्नलला आधार नाही.

व्होल्टेज सर्व्होच्या कागदाप्रमाणे. तुमचा ६.८ पर्यंतचा आहे म्हणता, तर ६ वर ठेवा, आयुष्य वाढेल. त्याच वेळी रिसीव्हर किती व्होल्ट सोसतो तेही वाचा. माझ्या ओळखीच्या एकाने हाय-व्होल्टेज सर्व्हो आणून ७.४ लावले आणि जुना रिसीव्हर त्याच संध्याकाळी गेला.

निट्रो_मडगाव (मंगळवार, सकाळी ८:३०)

मी मडगावचा. माझी १/८ ची निट्रो बगी (इंधनाच्या इंजिनावर चालणारी गाडी) आहे, म्हणून ईएससी नाही आणि बीईसीही नाही. रिसीव्हरची वेगळी बॅटरी असते आणि दोन सर्व्हो, एक स्टिअरिंगचा, एक थ्रॉटल आणि ब्रेकचा. दोन्ही डिजिटल केल्यावर पूर्वी अख्खा दिवस जाणारा पॅक दुपारपर्यंत उतरू लागला. आता दर दोन टाक्यांनंतर मीटर लावतो.

मुरूमवाट, तुमची गाडी वीज गेल्यावर निदान कुंपणापर्यंत जाऊन थांबली. माझ्या गाडीत रिसीव्हर मेला तर थ्रॉटल सर्व्हो आहे तिथेच राहतो, आणि इंजिनाला विजेची गरज नसते. फेलसेफ (सिग्नल गेला की थ्रॉटल बंद करण्याची सोय) असतो, पण तो रिसीव्हर जिवंत असेल तरच काम करतो. म्हणून मी कार्ब्युरेटरच्या दांड्याला परत ओढणारं स्प्रिंग लावलं आहे. निट्रोवाल्यांनी डिजिटल टाकायच्या आधी हे स्प्रिंग टाकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मैदानाच्या कडेला लहान मुलं उभी असतात.

अजून एक, आमच्याकडच्या लाल मातीबद्दल. जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक. सर्व्होच्या वरच्या दांड्याभोवतीच्या रबरी रिंगमधून आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि गिअर घासते. पावसाळ्यात तर चिखल. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला असला तरी मी प्रत्येक पावसाळी फेरीनंतर हॉर्न काढून दांड्याभोवती थोडं नवं ग्रीस भरतो. धातूच्या केसच्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारं द्रव) चालतं, प्लॅस्टिकच्या केसला लावू नका, प्लॅस्टिक तडकतं.

पदविका_विद्युत (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

२० किलो हा आकडाही एकदा तपासून घ्या. घरच्या घरी होतं. सर्व्होला लाकडी पट्टी बांधा, दांड्याच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर खूण करा आणि तिथे एक लिटर पाण्याची बाटली टांगा. पट्टी आडवी असताना हा भार बरोबर १० किलो-सेंटीमीटर होतो. पाणी वाढवत जा आणि सर्व्हो कुठवर उचलतो ते बघा. माझ्याकडच्या ‘२० किलो’ लिहिलेल्या एका स्वस्त सर्व्होने ६ व्होल्टला सव्वा लिटरपुढे मान टाकली. फार वेळ टांगून ठेवू नका, स्टॉलला मोटर तापते.

आणि कागदावरचा टॉर्क हा थांबलेल्या अवस्थेतला असतो, वेग हा बिनभाराचा. दोन्ही एकाच क्षणी कधीच मिळत नाहीत.

नागोयाहून (मंगळवार, सायंकाळी ७:३०)

वेगाचा मुद्दा आलाच आहे तर हेही जोडतो. सर्व्होचा वेग ‘६० अंशांना इतके सेकंद’ असा देतात. समजा गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. सर्व्होला ३० अंश फिरायचं आहे. ०.१६ चा सर्व्हो ०.०८ सेकंद घेतो, तेवढ्यात गाडी सुमारे ९० सेंटीमीटर पुढे गेलेली असते. ०.०८ चा सर्व्हो असेल तर ४५. टूरिंगवाले (रस्त्यावरच्या शर्यतीच्या गाड्या चालवणारे) ०.०८ च्या आसपासचा वेग शोधतात तो याच अर्ध्या मीटरसाठी. क्रॉलरला हा वेग नकोच, तिथे जोर हवा.

सह्यकडा (मंगळवार, रात्री ८:००)

अगदी बरोबर. माझा सर्व्हो ०.२० चा आहे आणि मला तो कधीच हळू वाटला नाही. पण काळ्या कातळात चाक रुतलं की जागचा हलता कामा नये, त्यासाठी ३० किलोच्या वरचा आहे.

मुरूमवाट (शनिवार, रात्री ८:५०)

सविस्तर कळवतो. ५ अँपचा स्विचिंग बीईसी आला, ६ व्होल्टवर ठेवला, लाल वायर काढली. आज ऑफिसातल्या मित्राकडून किमान-कमाल दाखवणारा मीटर आणून रिसीव्हरवर लावला. जुन्या बीईसीवर स्टिअरिंग झटकल्यावर किमान ३.९ दिसत होतं (खरा खड्डा याहून खोल असणार, मीटर तेवढा जलद नाही). नव्यावर ६.० वरून ५.८. दिवा एकदाही विझला नाही.

मग मैदानावर दोन पॅक संपेपर्यंत चालवली. त्याच वळणावर, तसाच ब्रेक. एकदाही मेली नाही! आणि गाडी काय वळते! पूर्वी ब्रेक लावून वळवताना मी नकळत थोडं आधी स्टिअरिंग द्यायचो, कारण ते पोचायलाच वेळ लागायचा. आता ती सवय मोडावी लागणार आहे.

एक शंका उरली आहे. गाडी उभी असताना सर्व्हो बारीक गुणगुणतो, आणि स्टिअरिंग पूर्ण टोकाला धरलं की आवाज वाढतो. डिजिटल आहे म्हणून हे असंच असतं का?

जुनीगाडी (शनिवार, रात्री ९:३०)

अभिनंदन! आवाजाचे दोन प्रकार आहेत, वेगळे करून बघा.

टोकाला वाढतो तो धोक्याचा. चाकं यांत्रिक टोकाला टेकली आहेत आणि सर्व्होला अजून पुढे जायचं आहे, म्हणजे तो भिंत ढकलतो आहे. सलग स्टॉल. ॲनालॉगमध्येही हे वाईटच, पण डिजिटल पूर्ण ताकदीने ढकलतो, म्हणून लवकर जळतो. रिमोटवर एंड पॉइंट (स्टिअरिंग टोकाला किती जाईल ती मर्यादा) कमी करत आणा. आधी हॉर्न काढून, ट्रिम शून्यावर ठेवून, सर्व्हो मध्यावर असताना हॉर्न सरळ बसवा. दात्यांमुळे अगदी सरळ बसत नसेल तर उरलेलं सबट्रिमने (रिमोटवरून मध्य बारीक सरकवायच्या सोयीने). मग एकेका बाजूला, चाक टेकून आवाज सुरू होतो त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबा.

मध्यावरची बारीक गुणगुण बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण ती सतत थरथरीसारखी असेल तर स्टिअरिंगच्या सांध्यांतली ढिलाई बघा. डेडबँड इतका अरुंद की गाडीच्या वजनाने चाक केसभर सरकलं तरी सर्व्हो त्याच्या मागे धावतो. आणि डिजिटलबद्दल तुमचा अनुभव वाचून मला बरं वाटलं. तुमच्या ट्रकला, तुमच्या मुरमाला तो योग्यच होता.

मुरूमवाट (रविवार, दुपारी १२:१५)

काका, दोन्ही तंतोतंत निघालं. एंड पॉइंट १०० वर होते, डावीकडे ८४ आणि उजवीकडे ८१ वर आणले, टोकाचा आवाज थांबला. पाच मिनिटं स्टिअरिंग फिरवून केसला हात लावला तर कोमट आहे, आधी चटका बसायचा.

मध्यावर थरथर होतीच. स्टिअरिंगचा बेलक्रँक (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) उघडला तर प्लॅस्टिकचे बुश एका बाजूने झिजून अंडाकृती झालेले. ५ बाय ८ चे बेअरिंग घातले. आता गाडी उभी असताना कान जवळ नेला तरच आवाज येतो.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला मी मैदानावर असेन. मीटर माझ्याकडे महिनाभर राहणार आहे. पुण्याजवळच्या कुणाला आपला बीईसी तपासून घ्यायचा असेल तर गाडी, भरलेला पॅक आणि ईएससीचा कागद घेऊन या.